कावळ्याची बायको

मेलबर्नला राहणारी आमची ताई (मामेबहीण आहे, पण आमच्याकडे सगळ्या तायाच) मागे सुट्टीत मुलांना घेऊन टायरेल नावाचं सरोवर बघायला गेली होती. व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात सी लेक नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या शेजारी. सरोवर मिठाचं आणि अगदी उथळ. पाऊस पडून गेला की मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि वारा नसेल तर रात्री अख्खं आकाश खाली उतरल्यासारखं दिसतं. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "इथल्या मूळ लोकांच्या गोष्टीत आपला अगस्त्य म्हणजे कावळा आहे. त्याला बायकोपण आहे. ती कुठे असते? तू आकाश बघतेस ना, सांग."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. तीन आठवडे गेले. ताई, हे लांबलचक उत्तर तुझ्यासाठी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

टायरेल सरोवराच्या परिसरात बूराँग नावाचे लोक राहत. १८४० नंतर तिथे गोरे लोक मेंढरं घेऊन आले. त्यांच्यातच विल्यम स्टॅनब्रिज नावाचा एक गृहस्थ होता. बाकीच्यांचं लक्ष कुरणांवर असताना याने रात्री शेकोटीशेजारी बसून बूराँग लोकांना विचारलं, की तुम्ही या ताऱ्यांना काय म्हणता? जे सांगितलं ते लिहून घेतलं आणि १८५७ मध्ये मेलबर्नच्या विद्वान मंडळींसमोर वाचून दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या आकाशज्ञानाबद्दल इतकं तपशीलवार जुनं लिखाण फारसं नाही. त्यात 'वार' म्हणजे कावळा, तो अगस्त्य. आणि 'कोलोगुलोरिक वार' म्हणजे कावळी, त्याची बायको. स्टॅनब्रिजने तिचं वर्णन मोठा लाल तारा असं केलंय आणि तो आकाशाच्या कुठल्या भागात आहे तेही दिलंय.

गंमत अशी की त्या भागात आज मोठा लाल तारा नाहीच!

बरीच वर्षं लोकांनी समजूत करून घेतली की स्टॅनब्रिज चुकला असेल. २०१० मध्ये हामाकर आणि फ्रू या दोन अभ्यासकांनी त्याच्या नोंदी नीट तपासल्या आणि म्हणाले, चुकलेला नाही. ही कावळी म्हणजे ईटा कॅरिनी. त्या वर्षांत तो तारा खरोखरच मोठा आणि लालसर दिसत होता. नंतर तो विझला. म्हणजे विझल्यासारखा झाला.

आता या ताऱ्याची कुंडली मांडायची तर सुरुवात एडमंड हॅलीपासून करायला हवी. हो, धूमकेतूवाला हॅली. विशीतलं पोर, ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर गेलं, दक्षिणेचे तारे मोजायला. १६७७ मध्ये त्याने या ताऱ्याची नोंद केली ती चौथ्या प्रतीचा म्हणून. ताऱ्यांच्या प्रती म्हणजे उलटा हिशोब: पहिली प्रत ठळक, सहावी जेमतेम डोळ्यांना दिसणारी. चौथ्या प्रतीचा म्हणजे शहरातून दिसणारही नाही असा. (हॅलीने त्याच भागात राजाला खूश करायला 'चार्ल्सचा ओक' नावाचा नवा तारकासमूहही घुसवला होता. लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स ज्या झाडावर लपला होता ते झाड! पुढे तो समूह नकाशातून गेला, पण स्टॅनब्रिजने कावळीचा पत्ता देताना याच झाडाचं नाव दिलंय.) त्यानंतर १७५१ च्या सुमारास केप ऑफ गुड होपला लाकाय या फ्रेंच माणसाला तोच तारा दुसऱ्या प्रतीचा दिसला. त्यानेच त्याला ग्रीक अक्षर ईटा दिलं.

तर तारा बदलतोय. पण हे लक्षात कोणाच्या यावं? ज्योतिषी सगळे युरोपात, आणि तारा युरोपातून दिसतच नाही. शंका पहिल्यांदा आली ती विल्यम बर्चेल या वनस्पती गोळा करत हिंडणाऱ्या माणसाला. १८२७ मध्ये तो ब्राझीलमध्ये होता, आणि याआधी दक्षिण आफ्रिकेत हिंडलेला. त्याला आठवत होतं की हा तारा असा नव्हता. आता तर तो त्रिशंकूमधल्या ठळक ताऱ्याच्या तोडीचा दिसतोय. त्याने हे पत्रात लिहून कळवलं. दिवसभर पानं-फुलं दाबून ठेवणारा माणूस रात्री वर बघतो आणि "हा कालचा नाही" असं ओळखतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग येतो जॉन हर्शेल. वडील विल्यम हर्शेल, युरेनस शोधणारे. वडिलांनी आणि मुलाने मिळून उत्तरेचं आकाश दुर्बिणीने पट्ट्यापट्ट्याने झाडून काढलं होतं. दक्षिणेचं राहिलं होतं. ते पुरं करायला जॉन १८३४ च्या जानेवारीत बायको मार्गारेट, मुलं आणि वीस फुटी दुर्बीण घेऊन केप टाउनला उतरला. सरकारी पैसा नाही, सगळं पदरचं. टेबल माउंटनच्या पायथ्याशी फेल्डहाउझेन नावाचं घर घेतलं आणि चार वर्षं रात्री आकाश, दिवसा बागेतली फुलं. (नवरा-बायको मिळून फुलांची चित्रं काढत. १८३६ मध्ये तरुण डार्विन बोटीवरून उतरून त्याला भेटायला आला होता. एवढं सगळं एका घरात घडत होतं.)

हर्शेलची एक सवय होती. दुर्बिणीचं काम वेगळं, पण नुसत्या डोळ्यांनीही तो ठळक ताऱ्यांची क्रमवारी लावायचा. हा त्याच्यापेक्षा किंचित उजळ, तो याच्यापेक्षा किंचित मंद, अशी उतरंड. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रात्री. कंटाळवाणं काम आहे हो हे. मी एकदा सलग पाच रात्री करून बघितलं, सहाव्या रात्री मालिका बघत बसले. पण हर्शेलने ते केलं म्हणूनच १६ डिसेंबर १८३७ च्या रात्री तो दचकला. तीन वर्षं ज्या ताऱ्याला त्याने एका ठरावीक पायरीवर ठेवलं होतं, तो अचानक वर चढून बसला होता. इतका, की त्याला तो ओळखू येईना, जागेवरून ताडून बघावं लागलं. मृगातला राजन्य त्याच्यापुढे फिका. दोन आठवडे चढतच गेला, २ जानेवारीला मित्र ताऱ्याच्या बरोबरीला आला आणि मग हळूहळू उतरायला लागला. मार्च १८३८ मध्ये हर्शेल सामान बांधून इंग्लंडला निघाला.

आणि खरा तमाशा झाला तो पुढे, १८४३ मध्ये. तो त्याने पाहिलाच नाही! इंग्लंडच्या क्षितिजाखाली होता ना तारा.

११ ते १४ मार्च १८४३. ईटा कॅरिनी रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तारा झाला. अगस्त्य मागे पडला, पुढे फक्त व्याध. केपहून मॅक्लिअर बघत होता. कोलकात्याहून मॅके नावाच्या निरीक्षकानेही पाहून हर्शेलला कळवलं. आणि व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, तर हा सुमारे साडेसात हजार. एवढ्या लांबून त्याने व्याधाशी बरोबरी करायची म्हणजे काय हे जरा मनात आणून बघा. (आणि साडेसात हजार वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, म्हणजे घटना प्रत्यक्ष घडली तेव्हा हडप्पाची एक वीटही भाजली गेली नव्हती.)

आता कोलकात्याहून दिसला म्हणजे आपल्याकडून दिसणारच. मी हिशोब केला. मुंबईहून हा तारा दक्षिणेला क्षितिजापासून साडेअकरा अंश वर येतो, पुण्याहून थोडा जास्त, वेंगुर्ल्याहून साडेचौदा. मार्चच्या मध्यात रात्री अकरा-साडेअकराला तो बरोबर दक्षिणेला. त्या वर्षी मार्चमध्ये संध्याकाळी एक प्रचंड धूमकेतूही होता, लांबच लांब शेपटीचा, त्यामुळे लोक अंगणात, समुद्रावर उभं राहून आकाशाकडे बघतच असणार. धूमकेतू मावळला की लोक घरात गेले असतील. तासा-दोन तासांनी दक्षिणेला खाली कावळी चमकत होती. वेंगुर्ल्याच्या खलाशांना, रात्रीच्या होडीवाल्यांना ती दिसल्याशिवाय राहिली असेल असं मला वाटत नाही. दक्षिणेकडे ठळक खूण लागते त्यांना.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती. बांधली होती ताऱ्यांसाठी, १८२६ मध्ये; पण १८४१ पासून तिथे रात्रंदिवस नोंदी चालल्या त्या होकायंत्राच्या सुईच्या आणि हवेच्या. पुण्यात तर प्रत्यक्ष एक दुर्बीणवाला होता. विल्यम जेकब, कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातला इंजिनिअर. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली आणि जोडताऱ्यांचे वेध घेऊ लागला. पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, तब्येत ढासळली, इंग्लंडला गेला. तरी पुण्याचं वेड सुटेना. डोंगरावर वेधशाळा काढायची म्हणून १८६२ च्या ऑगस्टमध्ये नवी नऊ इंची दुर्बीण घेऊन मुंबईला उतरला आणि पुण्याला पोचताच, आठवड्याभरात, वारला. भर पावसाळ्यात! बिचाऱ्याला एक रात्रही मोकळं आकाश मिळालं नसणार.

इथे एक घरची गोष्ट सांगायलाच हवी. आमचे आप्पा पावसाची नोंद ठेवायचे हे नातेवाईकांना माहीत आहेच. काचेची बाटली, वर नरसाळं, शेजारी पट्टी. रोज सकाळी सात वाजता अंगणात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एक दिवस चुकला नाही, ताप असला तर आईला पाठवायचे आणि मग तिने वाचलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतः उठून जायचे. वर्षाला एक वही. एकूण एकतीस. २००३ मध्ये घर रिकामं करताना त्या वह्या मी रद्दीत घातल्या. दादाला वाटतंय त्या आत्याकडे माळ्यावर आहेत. नाहीत रे दादा. वाळवी लागली होती, ट्रक खाली उभा होता, आणि मला वाटलं की सव्वीस जुलैला किती मिलिमीटर पडला याचं आता कोण काय करणार आहे. तुला हे तोंडावर सांगायचं धाडस वीसएक वर्षांत झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

असो. ताऱ्याकडे येते.

१८५० पर्यंत तो दिमाखात होता. मग उतरायला लागला, १८५७ नंतर झपाट्याने. या उतरणीच्या काळातच स्टॅनब्रिजने बूराँग लोकांकडून कावळीचं नाव ऐकलं. म्हणजे त्यांच्या गोष्टीत ती मुळात होती की ठळक झाल्यावर सामील झाली? मला वाटतं नंतर आली असावी, कारण चौथ्या प्रतीच्या ताऱ्याला अगस्त्याची बायको कोण करेल? एक तारा डोळ्यांसमोर मोठा होतो आणि लोक त्याला घरात घेतात, नातं लावतात. हर्शेलने उतरंडीत वर चढवला, यांनी कावळ्याशी लग्न लावलं. दोन्ही नोंदीच.

तिकडे टास्मानियात फ्रान्सिस ॲबट नावाचा घड्याळजी या ताऱ्यावर डोळे लावून बसला होता. हा मनुष्य मूळचा इंग्लंडमधला, फसवून दोन घड्याळं लांबवल्याबद्दल १८४४ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झालेला. शिक्षा भोगून होबार्टला दुकान टाकलं, दुर्बीण घेतली आणि चांगला निरीक्षक म्हणून नाव मिळवलं. ईटाच्या भोवती मोठा तेजोमेघ आहे. हर्शेलने केपला त्याचा नकाशा काढला होता, बाराशेच्या आसपास तारे मोजून एकेक जागेवर बसवून. ॲबट म्हणाला, आता मेघ नकाशासारखा दिसत नाही, तो बदललाय. लंडनच्या नियतकालिकांत काही वर्षं यावर भांडण पेटलं. म्हाताऱ्या हर्शेलला ते पटेना. शेवटी ॲबटचंच चुकलं असं ठरलं. पण एका कैद्याच्या म्हणण्याची दखल सगळ्या मोठ्यांना घ्यावी लागली, हेही खरं.

१८८० च्या दशकात तारा नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. मध्येच एकदा, १८९० च्या आसपास, थोडा फुरफुरला आणि पुन्हा गप्प. कावळी गेली.

पण ती गेली नव्हती, तिने पदर घेतला होता. हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९४० च्या दशकात अर्जेंटिनात एन्रिके गाविओला यांनी मोठ्या दुर्बिणीतून या ताऱ्याचे फोटो घेतले, तर ताऱ्याभोवती एक छोटासा ढग. डोकं, हात, पाय असल्यासारखा. त्यांनी नाव दिलं होमुनक्युलस, म्हणजे इवलासा माणूस. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने तोच ढग स्वच्छ दाखवला तेव्हा माणूसबिणूस काही नाही, चक्क डमरू निघाला! दोन फुगे पाठीला पाठ लावून, मध्ये तारा. ते फुगे अजून फुगतायत, सेकंदाला सहाशे-साडेसहाशे किलोमीटर वेगाने. हाच वेग उलटा मोजत मागे गेलं की आपण १८४० च्या दशकात पोचतो. म्हणजे हर्शेल आणि मॅक्लिअर जे बघत होते ते या डमरूचं जन्मणं होतं.

बाहेर फेकलेला वायू थंड झाला, त्यात धूळ तयार झाली, आणि धुळीने ताऱ्याला झाकलं. प्रकाश कुठे जाणार? धूळ तापली आणि तो उष्णता होऊन बाहेर पडू लागला. १९६० च्या दशकाच्या शेवटी वेस्टफाल आणि न्यूगेबाउअर यांनी अवरक्त प्रकाशात पाहिलं, तर त्या विशिष्ट तरंगलांबीला सूर्यमालेबाहेरचं सगळ्यात तेजस्वी काही असेल तर ते हेच. शंभर वर्षं आपण ज्याला विझलेला म्हणत होतो तो धडधडून जळत होता, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगात.

आता रंगाचाच विषय निघाला म्हणून. हा तारा मुळात निळा आहे. अतितेजस्वी निळ्या ताऱ्यांची एक जात आहे, फार थोडे आहेत, आणि सगळे लहरी. १६०० मध्ये हंसातला असाच एक तारा ब्लाउ या डच नकाशेवाल्याला अचानक दिसला होता. ईटा कॅरिनी हा त्यांचा दादा. सूर्याच्या सुमारे पन्नास लाख पट प्रकाश. सूर्य वर्षभरात जेवढी ऊर्जा देतो तेवढी हा सहा-साडेसहा सेकंदांत टाकतो. वजन मात्र पन्नास लाख पट नाही, शंभर पटीच्या आसपासच. सगळी गडबड इथेच आहे. प्रकाश ढकलतो. आपल्याला जाणवत नाही, पण ढकलतो. ताऱ्याचं वजन त्याला आत ओढत असतं आणि आतून निघणारा प्रकाश बाहेर रेटत असतो. भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा: वाफ कमी असेल तोवर ते गुमान बसतं, जास्त झाली की थडथडतं आणि पेज उतू जाते. प्रकाश किती वाढला की झाकण उडेल ती मर्यादा एडिंग्टन यांनी शंभर वर्षांपूर्वी काढून ठेवली. हे निळे तारे जन्मभर त्या मर्यादेच्या काठावर जगतात. ईटाचं झाकण १८४० च्या आसपास उडालं. निदान दहा सूर्यांच्या वजनाचा माल वीसएक वर्षांत बाहेर आला, कोणी म्हणतं चाळीस. एवढं होऊनही तारा जागेवर आहे! आणि उतू गेलेली ती पेज थंड, म्हणून त्या काळात निळा तारा सगळ्यांना पिवळट-लालसर दिसला. बूराँग लोकांनी लाल म्हटलं ते अगदी बरोबर म्हटलं.

झाकण नेमकं उडालं कशाने यावर अजून एकमत नाही. १९९६ मध्ये ब्राझीलच्या ऑगुस्तो दामिनेली यांनी दाखवलं की ताऱ्याच्या वर्णपटातल्या काही रेषा दर साडेपाच वर्षांनी मावळतात. त्यांनी सांगितलं, पुढची वेळ १९९७ संपताना. आणि तसंच झालं, त्याच सुमारास क्ष-किरणही एकदम घटले. म्हणजे कावळी एकटी नाही. जोडीदार आहे, साधारण तीस सूर्यांच्या वजनाचा, लांबट कक्षेत फिरणारा. लांब गेला की सूर्यापासून नेपच्यून एवढा, जवळ आला की मंगळ एवढा. काही जण म्हणतात, पूर्वी तीन होते आणि दोन एकमेकांत विरघळले, तोच तो स्फोट. मला हा तर्क आवडतो, पण माझ्या आवडण्याला काही किंमत नाही.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र २०१२ मधली. १८४३ च्या प्रकाशाचा वर्णपट कोणाकडेच नाही. तेव्हा ती विद्याच नव्हती, दोन दशकांनी आली. म्हणजे तो प्रकाश पृथ्वीवरून गेला तो गेलाच. पण सगळा प्रकाश सरळ आपल्याकडे आलेला नसतो. काही भलत्याच दिशेला गेला, वाटेत धुळीच्या ढगावर आपटला आणि तिथून वळून आपल्याकडे निघाला. लांबचा फेरा, म्हणून एकशे सत्तर वर्षं उशिरा. डोंगरात हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते, तसंच. आर्मिन रेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीमधून घेतलेले वेगवेगळ्या वर्षांचे फोटो एकमेकांवर ठेवले तेव्हा ईटाजवळच्या धुळीत हे सरकते डाग सापडले. त्यांनी त्यांचा वर्णपट घेतला. तापमान निघालं पाच हजार अंशांच्या आसपास. पुढे २०१८ मध्ये अशाच डागांमध्ये सेकंदाला दहा हजार किलोमीटरहून जास्त वेगाने निघालेला मालही दिसला. म्हणजे नुसतं उतू जाणं नव्हतं, धमाकाही होता. जी रात्र हर्शेलची हुकली, तिचा प्रकाश अजून येतोय.

हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ बाल्कनीत उभी होते. एकतीस वह्या डोक्यात होत्या.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: तुझ्याकडून ती वर्षभर, कुठल्याही रात्री दिसते, कधी मावळतच नाही. त्रिशंकूपासून अगस्त्याच्या दिशेला निघ, पाव वाटेच्या जरासं पुढे आकाशगंगेत धुरकट ठिपका दिसेल, त्यातच ती. धूळ विरत चालली आहे म्हणून गेल्या शंभर वर्षांत ती पुन्हा हळूहळू उजळतेय आणि आता परत चौथ्या प्रतीच्या घरात आली आहे. हॅलीला दिसली होती तेवढीच, म्हण. कधीतरी तिचा पुरता स्फोट होणार आहे, उद्या किंवा हजारो वर्षांनी. १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेतला एक निळा तारा फुटला, तेव्हा चिलीत दुहाल्दे नावाचा दुर्बिणीवरचा मदतनीस सहज बाहेर आला होता आणि त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हा तुम्ही मंडळी रात्री कचरा टाकायला बाहेर पडलात की वर बघत जा.

आपल्याकडून ती अवघड. एप्रिलच्या मध्यात आम्ही आत्याकडे वेंगुर्ल्याला गेलो होतो. रात्री पावणेदहाला मी, दादाचा धाकटा आणि वहिनी वाळूवर. अगस्त्य नैर्ऋत्येला पाण्याला टेकलेला, त्रिशंकू आग्नेयेला नुकता वर येत असलेला, दोघांच्या मध्ये हात लांब करून दीड मूठ उंचीवर आम्ही शोधत होतो. खाली होड्यांचे दिवे, वर खारं धुकं. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही. आप्पांच्या जुन्या दुर्बिणीतून (ती ठेवलीये हो) मला एक पुसट डाग दिसला, आणि त्यात नारिंगी ठिपका. पोराला डाग दिसला, ठिपका नाही. वहिनीला दोन्ही नाही, आणि ती म्हणाली आम्ही एकमेकांना हो-हो म्हणतोय. पोराने मोबाइलवर वेळ लिहून ठेवली, ९ वाजून ५२ मिनिटं, आणि पुढे लिहिलं "डाग. आत्या म्हणते तारा". मी पुन्हा दुर्बीण लावणार तेवढ्यात आत्या भलामोठा टॉर्च आमच्या तोंडावर मारत आली, सोलकढी गार झाली म्हणून. गार नाही तर काय असते सोलकढी? पण त्यानंतर पंधरा मिनिटं कोणालाच काही दिसलं नाही.